इंदूरचे फादर ऑगस्टभर बव्हेरियातल्या पॅरिशमध्ये बदलीवर जाताहेत, तयारी काय करून द्यावी?

पलासिया_इंदूर

सर्वांना नमस्कार. आमच्या धर्मग्रामातले फादर येत्या ऑगस्टच्या सुमारास पाच आठवडे जर्मनीत, दक्षिण बव्हेरियात जाणार आहेत. तिथले फारर, म्हणजे धर्मग्रामाचे मुख्य धर्मगुरू, सुटीवर असतील आणि त्यांच्या जागी मिस्सा, आजाऱ्यांच्या भेटी वगैरे आमच्या फादरांनी सांभाळायचं आहे. पत्रात चार गावं आणि चार चर्च लिहिली आहेत. फादरांचं जर्मन पुण्यात बी-१ पर्यंत झालंय, पण दोन वर्षं बोलायची सवय राहिलेली नाही.

पॅरिश कौन्सिलमधल्या आम्ही तिघांनी त्यांची तयारी नीट करून द्यायचं ठरवलं आहे. कागदपत्रं कोणती लागतात? आठवडा कसा असतो? मिस्सामध्ये आपल्याकडच्यापेक्षा वेगळं काय? राहणं-जेवण कसं? शिवाय तिथल्या लोकांनी आमच्या वसतिगृहासाठी काही देऊ केलं तर ते घ्यायचं कसं? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

कागदपत्र_बडोदे

आधी कागद, कारण उशीर तिथेच होतो.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका. ऑगस्टसाठी एप्रिलमध्येच वेळ घ्या, मे-जूनमध्ये पर्यटकांची गर्दी असते. फी सध्या ९० युरो आहे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. प्रवासाचा आरोग्य विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा घ्या. यापूर्वी ५९ महिन्यांच्या आत बोटांचे ठसे दिले असतील तर ते पुन्हा वापरता येतात.

सर्वात मोठी चूक अर्जातल्या 'कारण' या रकान्यात होते. तिथे 'पर्यटन' लिहायचं नाही. फादर तिथे मिस्सा अर्पण करणार, मानधनही मिळणार, म्हणजे धर्मसेवेसाठीच जात आहेत, तर तेच लिहायचं. निमंत्रणपत्र एकट्या पॅरिशचं असण्यापेक्षा तिथल्या धर्मप्रांताच्या कार्यालयाचं असावं. त्यात तारखा, राहण्याचा पत्ता, खर्च कोण करणार आणि कामाचं स्वरूप या चारही गोष्टी असाव्यात. त्याची छापील प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, कारण म्युनिकच्या विमानतळावरचा अधिकारी तीच मागतो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या हद्दीवर शिक्क्यांच्या जागी चेहरा आणि ठसे नोंदवायची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. १८० दिवसांत ९० दिवसांचा हिशेब आता यंत्रच करतं, म्हणून मागच्या सहा महिन्यांत रोम वगैरे झालं असेल तर ते दिवस मोजून घ्या.

आता चर्चचे कागद. सेलेब्रेट, म्हणजे हे धर्मगुरू अधिकृत आहेत आणि यांना मिस्सा अर्पण करू द्यावी असं आपल्या बिशपांचं पत्र, ते वर्षाच्या आतलं हवं. चर्चच्या कायद्यात, कॅनन ९०३ मध्ये, हेच म्हटलं आहे. ओळखपत्रासारखं छोटं कार्ड असलं तरी लेटरहेडवरचं पत्रही घ्या. त्याशिवाय सद्वर्तनाचं वेगळं पत्र जर्मन धर्मप्रांत मागतात. बालसुरक्षेचे त्यांचे नियम कडक आहेत, आणि ते तसेच असायला हवेत. स्वयंघोषणेचा फॉर्म येईल, एखाद्या ऑनलाइन प्रशिक्षणाचा पुरावाही मागतील. हे सगळं जूनपर्यंत पोचलं पाहिजे. पोचलं नाही, तर व्हिसा हातात असूनही नियुक्तीचं पत्र निघत नाही.

पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार आपल्या बिशपांनी कायमचा दिलेला असेल तर तो बाहेरही चालतो, तिथल्या बिशपांनी मनाई केली नसेल तोपर्यंत. लग्नाचं मात्र तसं नाही. लग्न लावायला तिथल्या फाररचं किंवा बिशपांचं स्पष्ट अधिकारपत्र लागतं, कॅनन ११११ प्रमाणे. नसेल तर ते लग्न चर्चच्या दृष्टीने अवैध ठरतं. कोणी ऐन वेळी प्रेमाने "फादर, आमच्या मुलीचं तुम्हीच लावा" म्हणालं, तरी कागद हातात असल्याशिवाय होकार देऊ नये.

इझारकाठ

मूळची इंदूरची, आता म्युनिकजवळ. इथे पॅरिशमध्ये वाचन आणि ख्रिस्तप्रसाद वाटपाची सेवा करते. आठवड्याबद्दल लिहिते.

चार गावांच्या अशा गटाला फारफरबांट म्हणतात. साधारण चित्र असं असतं : शनिवारी संध्याकाळी सहा किंवा सातला एका गावी रविवारचीच मिस्सा, रविवारी सकाळी साडेआठला दुसऱ्या गावी, दहाला किंवा सव्वादहाला तिसऱ्या गावी. चौथ्या गावात त्या रविवारी मिस्सा नसते, त्यासाठी नेमलेले लोक शब्दविधी, म्हणजे वाचनं आणि प्रार्थना, चालवतात. आठवड्यात तीन-चार मिस्सा, कुठे सकाळी आठला, कुठे संध्याकाळी. बहुतेक ठिकाणी सोमवार मोकळा. रोजच्या मिस्सेला दहा-पंधरा वयस्क माणसं असतात. इंदूरच्या रविवारची गर्दी डोळ्यांपुढे ठेवून फादर आले तर पहिल्या दिवशी त्यांना वाटेल की लोकांना वेळच कळवली नाही. वेळ सगळ्यांना माहीत असते. आठवड्याचं पत्रक छापलेलं असतं आणि त्यात प्रत्येक मिस्सेपुढे, ती ज्यांच्यासाठी अर्पण करायची त्या मृतांची नावं असतात.

ही नावं म्हणजे मोठी परीक्षा आहे. ती मोठ्याने वाचायची असतात आणि त्या घरचे लोक समोरच्या बाकावर बसलेले असतात. फारब्युरोतल्या, म्हणजे पॅरिश कार्यालयातल्या सेक्रेटरीबाईंना दर शुक्रवारी ती यादी सावकाश वाचायला सांगा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. त्या आनंदाने करतात. एका मिस्सेला चार-पाच नावं असली तरी फादरांना दिवसाला एकाच हेतूचं, म्हणजे एकाच नावासाठी मिस्सा अर्पण करण्याचं, दान ठेवता येतं (नाताळचा अपवाद), बाकीचे हेतू पॅरिश मिशनमधल्या धर्मगुरूंकडे पाठवते. त्याचा हिशेब कार्यालयच ठेवतं, फादरांनी फक्त कोणत्या दिवशी कोणता हेतू घेतला ते वहीत लिहायचं.

सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती म्हणजे मेस्नर, सॅक्रिस्टी (मिस्सेच्या तयारीची खोली) सांभाळणारे. पुष्कळदा पासष्टी-सत्तरीच्या बाई असतात आणि वीस-वीस वर्षं तेच काम करत असतात. मिस्सेआधी किमान वीस मिनिटं पोचून त्यांना चार प्रश्न विचारायचे : माइकचं बटण कुठलं, ख्रिस्तप्रसाद किती जणांचा, टॅबरनॅकलची, म्हणजे ख्रिस्तप्रसाद ठेवायच्या पेटीची, किल्ली कुठे, आणि इथे कुठे थांबायची पद्धत आहे. शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारावा. कुठे प्रार्थनांपूर्वी शांतता असते, कुठे ख्रिस्तप्रसादानंतर एक गाणं होईपर्यंत फादर बसतात. घंटांच्या स्विचबोर्डला हात लावू नये, त्या वेळेवर आपोआप वाजतात. एक चुकीचं बटण दाबलं तर रात्री नऊला गावभर मृत्युघंटा वाजायची.

ख्रिस्तप्रसादासाठी ग्लूटेन कमी असलेल्या भाकरीची एक छोटी वेगळी डबी ठेवलेली असते. त्या डबीला नेहमीच्या भाकरीचे हात लावायचे नाहीत. ज्यांना ती लागते ते रांगेत आल्यावर खुणेने सांगतात. इथे काळजी घेतली नाही तर माणूस खरोखर आजारी पडतो.

गाण्यांचे आकडे भिंतीवरच्या फलकावर दिसतात. पुस्तक गोटेसलोब, २०१३ पासून हीच आवृत्ती आहे. ७०० पासून पुढचे आकडे त्या त्या धर्मप्रांताच्या स्वतंत्र भागातले, म्हणून दुसऱ्या धर्मप्रांताची प्रत पाहून तयारी केली तर गाणं भलतंच निघतं. गाणी बहुधा ऑर्गनवादकच निवडतात, पण ते गुरुवारपर्यंत फादरांची संमती विचारतात. त्या ईमेलला उत्तर न देणं उद्धटपणा समजला जातो.

जर्मन_शिकवणी_ग्वाल्हेर

बी-१ पुरेसं आहे, अट एकच : जुलैभर रोज अर्धा तास मोठ्याने वाचायचं. मिस्सेची भाषा ठरलेली आहे, तिथे व्याकरणापेक्षा उच्चार महत्त्वाचे. आणि मराठी माणसाला त्यात एक मोठा फायदा आहे, तो बहुतेक जर्मन पुस्तकांत लिहिलेला नसतो.

जर्मन झेड म्हणजे आपला 'चाक', 'चमचा', 'चूल' यांतला दंत्य च. हिंदी भाषकाला 'त्स' शिकवायला आठवडा जातो, आपल्याला तो जन्मजात येतो. हेर्त्सन, म्हणजे हृदयं, हा शब्द प्रस्तावनेच्या संवादात रोज येतो. तो 'हेर्चन' असा, पण चाकातल्या च ने म्हणा. स्वरापूर्वीचा एस हा 'जवळ', 'जोर' यांतल्या ज च्या जवळचा. डब्ल्यू म्हणजे व, आणि व्ही म्हणजे बहुतेक जर्मन शब्दांत फ. 'हे आमच्या स्वर्गातील बापा'ची सुरुवात म्हणून 'फाटर उन्झर' अशी होते, 'वाटर' नाही.

ईआय म्हणजे 'आय' आणि आयई म्हणजे 'ई'. यात घोटाळा झाला तर ख्रिस्तप्रसाद देताना 'लाइप क्रिस्टी', ख्रिस्ताचं शरीर, याऐवजी 'लीप' निघतं, त्याचा अर्थ प्रिय. शेवटचा बी प होतो, डी ट होतो, जी क होतो. ईयू म्हणजे 'ऑय', म्हणून 'तुमच्याबरोबर'मधला 'तुम्ही'चा शब्द 'ऑय' ने सुरू होतो आणि शेवटी श आणि ह यांच्या मधला मऊ आवाज येतो. तो 'श' म्हटला तरी लोक समजून घेतात, 'क' म्हटला तर नाही. उम्लाउटवाला, म्हणजे वर दोन टिंबं असलेला, यू काढायला 'ई' म्हणत राहा आणि ओठ 'ऊ'सारखे गोल करा. तो चुकला तर 'बंधूंनो'च्या जागी एकच बंधू उरतो, ब्रूडर.

आपला ट आणि ड त्यांच्या कानाला जड वाटतो. जीभ टाळूकडे वळवू नका, त आणि ट यांच्या मध्ये, दातांच्या मुळाशी लावा. जुन्या दगडी चर्चमध्ये आवाज घुमतो, जड ट-ड तिथे एकमेकांवर आदळतात आणि मागच्या बाकांपर्यंत नुसता गोंधळ पोचतो.

वाचनं प्रपाठक वाचतात, फादरांच्या वाट्याला शुभवर्तमान. रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र जगभर एकच, तेव्हा पाचही रविवारांची शुभवर्तमानं इंदूरला बसून मराठीत आणि हिंदीत वाचून ठेवा, अर्थ पक्का झाला की जर्मन वाक्यातला ठोका आपोआप जागेवर पडतो. जर्मन पाठ मात्र नव्या वाचनसंग्रहातला घ्या. २०१६ ला बायबलचं सुधारित भाषांतर आलं आणि २०१८ च्या आगमनकाळापासून त्यावरचे वाचनग्रंथ वापरात येऊ लागले. इंटरनेटवर जुने पाठ भरपूर सापडतात, सरावाला जुना घेतला तर वेदीवर शब्द अडतात.

प्रवचन पाच ते सात मिनिटं. परक्या भाषेत सावकाश वाचताना मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द होतात, म्हणजे सहाशे शब्द पुरे. मराठीत किंवा इंग्रजीत लिहा, भाषांतरयंत्रातून काढा, पण बुधवारपर्यंत तिथल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाकडे तपासायला द्या. आपली लांब वाक्यं यंत्र आणखी लांब करतं आणि जर्मन क्रियापद पार शेवटी जाऊन बसतं, तिथपर्यंत वाचणाऱ्याचा श्वास पुरत नाही. बारा शब्दांपुढे वाक्य नको.

पलासिया_इंदूर

मनापासून आभार. च-चं उदाहरण फादरांना फोनवर वाचून दाखवलं, त्यांनी लगेच म्हणून पाहिलं. अजून तीन गोष्टी. वेदीवरच्या कृतींमध्ये काय बदलतं? त्यांनी गाडी चालवावी का? पत्रात 'एक गाडी उपलब्ध आहे' असं आहे. आणि घरात ते एकटेच राहणार, तर जेवणाचं काय? ते शाकाहारी नाहीत, पण रोज ब्रेडवर राहणारेही नाहीत.

वसईचा_वेदीसेवक

वेदीवरचं मी सांगतो. भारतातल्या उपासनेसाठी १९६९ मध्ये मान्यता मिळालेल्या बदलांच्या बारा मुद्द्यांमुळे आपण गुडघा टेकण्याऐवजी अंजलिहस्ताने वाकतो, पादत्राणं काढतो, आरती करतो, शांतीच्या वेळी नमस्कार करतो. ही मोकळीक भारतापुरती आहे. तिथे टॅबरनॅकलपुढे गुडघा टेकायचा, भाकरी-द्राक्षारसाच्या प्रतिष्ठापनेनंतरही गुडघाच. पायांत काळे, बंद बूट. सँडल नको आणि अनवाणीही नको. लादी ऑगस्टमध्येसुद्धा थंडगार असते. आल्बच्या, म्हणजे पांढऱ्या पायघोळ झग्याच्या, आत पातळ स्वेटर चालतो, आणि आल्ब स्वतःचा न्या, तिथले बहुतेक लांबीला मोठे असतात आणि पायऱ्या चढताना पायात येतात.

जर्मन रविवारी शुभवर्तमानापूर्वीची दोन वाचनं असली तरी पुष्कळ ठिकाणी एकच वाचतात. गौरवगीताच्या जागी गोटेसलोबमधलं गाणं होतं. फादर वाट पाहत उभे राहिले आणि मग त्यांनी गौरवगीत म्हणायला सुरुवात केली की दोनदा होतं. मिस्साग्रंथात चषकावरच्या शब्दांत 'सर्वांसाठी' असं छापलेलं आहे, आपल्या इंग्रजीतल्या 'पुष्कळांसाठी'ने बिचकू नये. जे छापलंय ते वाचावं.

युखरिस्तिक, म्हणजे मिस्सेतल्या मुख्य, प्रार्थनांमध्ये दुसरी सगळ्यात छोटी. पहिले दोन आठवडे तीच ठेवा. मिस्साग्रंथाच्या त्या पानांची झेरॉक्स मागवा आणि श्वासाच्या जागी पेन्सिलने रेघा मारा.

रविवारी दोन मिस्सा, क्वचित तीन. कॅनन ९०५ प्रमाणे गरज असेल तर रविवारी तीनपर्यंत परवानगी मिळते. तासभराच्या उपासाचा नियम दुसऱ्या आणि तिसऱ्या मिस्सेआधी लागत नाही, म्हणून मधल्या वेळात पाव, कॉफी घ्यायला हरकत नाही. उपाशी राहून तिसऱ्या मिस्सेला भोवळ येण्यापेक्षा ते बरं.

१५ ऑगस्ट विसरू नका. आपल्याकडे झेंडावंदन असतं त्याच दिवशी मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण. बव्हेरियात कॅथलिक बहुसंख्य असलेल्या गावांत सार्वजनिक सुटी. बाया औषधी वनस्पतींच्या जुड्या बांधून आणतात, मध्ये पिवळ्या फुलांचा उंच दांडा, भोवती निदान सात प्रकारची पानं-फुलं. त्यांना आशीर्वाद द्यायचा असतो. प्रार्थना वेगळ्या आशीर्वादग्रंथात आहे, मिस्साग्रंथात शोधत बसू नये. पवित्र पाण्याचं भांडं आणि शिंपडणी आधीच मेस्नरकडून वेदीजवळ ठेवून घ्या, त्या दिवशी चर्च भरतं.

आजाऱ्यांना तेल लावण्यासाठी रात्री फोन येऊ शकतो. सॅक्रिस्टीच्या कपाटात तीन डब्या असतात, आजाऱ्यांच्या तेलावर लॅटिन 'ओ आय' अशी अक्षरं असतात. पहिल्याच दिवशी ओळखून ठेवा.

कागदपत्र_बडोदे

गाडीबद्दल. इंदूरच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, एक वर्ष चालतो, मूळ परवानाही सोबत लागतो. तेवढ्यावर चालवता येते. खेड्यांत बसेस रविवारी जवळपास नसतात, तेव्हा गाडीशिवाय अडचण होईल.

इझारकाठ

इथे मी थोडी असहमत आहे. परवाना काढावा, पण पहिले दोन आठवडे गाडी चालवू नये. उजवीकडून चालवणं ही गोष्ट दोन दिवसांत जमते, पण खेड्यांतल्या फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, आणि तो येतो तो न थांबताच येतो. शिवाय सकाळी दोन मिस्सांचा द्राक्षारस पोटात असतो. मर्यादा ०.५ प्रति हजार आहे, दोन घोटांनी ती ओलांडत नाही, पण अपघात झाला तर ०.३ पासूनही दोष लावता येतो. पॅरिश कौन्सिलला आधीच लिहा की रविवारी दोन गावांमध्ये कोणीतरी नेऊन सोडावं. यादी करून देतात, प्रत्येक रविवारी वेगळं घर. गाडीतल्या त्या पंधरा मिनिटांत जेवढं जर्मन बोलणं होतं तेवढं आठवडाभर होत नाही.

आता घर. फारहाउस, म्हणजे धर्मगुरूंचं घर, मोठं असतं आणि बहुधा रिकामं. स्वयंपाक स्वतःच करायचा, आठवड्यातून दोन-तीनदा जेवायची बोलावणी येतात. दुपारचं जेवण बाराला, संध्याकाळी सहा-सातला थंड जेवण : पाव, चीज, हॅम, काकडी. बोलावलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी दारात उभं राहावं, अर्धा तास नाही. बारा ते दोन कोणाच्या दाराची बेल वाजवायची नाही.

एक गोष्ट फादरांना नीट समजावून सांगा. तिथे आग्रह होत नाही. "आणखी वाढू का?" याला आपल्या सवयीने "नको नको" म्हटलं की भांडं उचललं जातं, आणि माणूस उपाशी घरी येतो. हवं असेल तर पहिल्यांदाच 'हो' म्हणायचं. तसंच, पदार्थ आवडला नाही तर थोडंच घ्यावं आणि संपवावं, ताटात टाकलेलं त्यांना खटकतं. मोठ्यांना 'झी', म्हणजे आपलं तुम्ही-आपण, वेदीसेवक मुलांना 'डू'. हा फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही.

स्वयंपाकाला विजेची काचेची शेगडी असते. इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, म्हणून स्टीलचा, सपाट बुडाचा दोन लिटरचा न्या. लाल मसूर, तांदूळ, हळद प्रत्येक सुपरमार्केटमध्ये मिळतं. जिरं घेताना सगळे फसतात : 'क्यूमेल' लिहिलेली पुडी जिऱ्याची नाही, शहाजिऱ्यासारख्या वासाची आहे, वरणाला तिची फोडणी दिली तर सगळं वरण बिघडतं. आपलं जिरं म्हणजे 'क्रॉइत्सक्यूमेल'. कणीक हवी असेल तर पिठाच्या पिशवीवरचा आकडा पाहा. ४०५ म्हणजे आपला मैदा. पोळ्यांना १०५० किंवा 'फोलकोर्न' घ्या. फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार बंद, खिडकी सताड उघडी. व्हरांड्यात धुराचा अलार्म असतो आणि मोहरी तडतडली की तो ओरडतो.

इंदूरहून पोहे किलोभर, जिरावन, शेव, कोरडे मसाले आणि लोणच्याची सीलबंद बाटली (ही चेक-इन बॅगेत) न्यायला हरकत नाही. तूप, पनीर, खवा, पेढे नको, मांसाचं काहीही नको, दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ता, मिरच्या, पेरूसुद्धा नाही.

रविवारी दुकानं बंद. १५ ऑगस्ट शनिवारी किंवा सोमवारी आला तर सलग दोन दिवस बंद, त्यामुळे आदल्या दिवशीच दूध-पाव आणून ठेवायचा. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात टाकून परत मिळते. कचरा वेगळा करण्याबद्दल इंदूरच्या माणसाला काय सांगायचं! ओला, कागद, वेष्टनं आणि उरलेलं, एवढे चार गट. फक्त गाडी रोज गाणं लावून दारात येत नाही. कोणता डबा कोणत्या तारखेला रस्त्यावर ठेवायचा याचं कॅलेंडर फ्रिजवर लावलेलं असतं. चुकलं तर दोन आठवडे थांबा.

औषधं पाच आठवड्यांची पूर्ण, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. तिथे प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. रात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जीवावरचं असेल तर ११२.

पलासिया_इंदूर

हे सगळं छापून फादरांना देते. देणगीचा प्रश्न राहिला.

कागदपत्र_बडोदे

हे काळजीपूर्वक वाचा, कारण प्रेमाने दिलेल्या पैशातून इथे खरोखर अडचण होते.

फादरांचं मानधन आणि प्रवासखर्च हा एक भाग. तो तिथला धर्मप्रांत त्यांच्या दराने देतो, पावती घ्यायची आणि ती जपून ठेवायची. वसतिगृहासाठीची देणगी हा पूर्ण वेगळा भाग. ती फादरांनी पाकिटात, स्वतःच्या खात्यात किंवा कोणाच्याही ओळखीच्या खात्यात घ्यायची नाही. परदेशी देणगी फक्त एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेला घेता येते आणि ती आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या संसद मार्गावरील मुख्य शाखेतल्या त्या संस्थेच्या खात्यातच यावी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर हाच मार्ग आहे. तेव्हा जाण्यापूर्वी धर्मप्रांताच्या कार्यालयाला विचारा की वसतिगृह कोणत्या नोंदणीकृत संस्थेखाली येतं आणि ती नोंदणी आज चालू आहे का. चालू असेल तर त्या संस्थेचं नाव, खात्याचा तपशील आणि वसतिगृहाची अर्ध्या पानाची माहिती जर्मनमध्ये छापून फादरांच्या बॅगेत ठेवा. कोणी मिस्सेनंतर शंभराची नोट हातात ठेवली तर आभार मानून तो कागद द्यायचा. प्रवचनात मात्र स्वतःहून आवाहन करू नये, फाररची लेखी परवानगी असल्याशिवाय. त्या रविवारची वर्गणी बहुधा आधीच कोणत्या तरी कामासाठी ठरलेली असते.

रोख परकीय चलन घेऊन परत येताना नोटा ५,००० डॉलरच्या वर असल्या तर भारतात उतरल्यावर जाहीर कराव्या लागतात.

वसईचा_वेदीसेवक

एक राहिलं, निघतानाचं. शेवटच्या दोन दिवसांत तीन गोष्टी पूर्ण करून ठेवा. बाप्तिस्मा, अंत्यविधी केले असतील तर नोंदवहीत फादरांची सही. मिस्सेच्या हेतूंची वही कार्यालयात. आणि चारही चर्चच्या किल्ल्या, चिठ्ठ्या लावून, सेक्रेटरीबाईंच्या हातात, फारहाउसच्या टेबलावर नाही. अंत्यविधीच्या घरच्यांचे पत्ते असतील तर फाररसाठी एका कागदावर लिहून ठेवा : कोण गेलं, घरात मागे कोण आहे, सहा आठवड्यांची मिस्सा ठरली आहे का. सुटीवरून आल्यावर ते सगळ्यात आधी त्याच घरी जातात.

पलासिया_इंदूर

लिहून घेतलं. व्हिसाची वेळ सोमवारी घेते. सेलेब्रेटसाठी बिशप हाउसला अर्ज आजच दिला.